रोजगार वाढला, मग मुलगा रानातच का?

प्रश्न : रोजगार वाढल्याचे आकडे छापून येतात. माझा पदवीधर मुलगा मात्र घरच्याच सोयाबीनच्या रानात राबतो. आकडे खोटे आहेत का?
– एक वाचक भगिनी, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : ताई, आकडे खोटे नाहीत, घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही सरकारी श्रमबल पाहणीत रोजगारातच धरतात. २०१७-१८ ते २०२३-२४ दरम्यान देशात पंधरा वर्षांवरील काम करणाऱ्यांचे प्रमाण ४६.८ वरून ५८.२ टक्क्यांवर गेले. पण त्यांतला शेतीचा वाटाही ४४.१ वरून ४६.१ टक्के झाला, आणि ही भरभराट नव्हे; बाहेर काम न मिळालेलेही शेतीतच मोजले जातात. म्हणून पगारी नोकऱ्या किती वाढल्या, ते पाहावे.

मुलाचा यात दोष नाही. राज्य सरकारच्या महास्वयम् या रोजगार संकेतस्थळावर त्याची नोंदणी करा. धंदा करायचा असल्यास जिल्हा उद्योग केंद्रात अनुदानित कर्जाची चौकशी करा. नोकरीसाठी आगाऊ पैसे मात्र कुणालाही देऊ नका.