नाण्यांनी भरलेले यंत्र

सन १९७२ ची गोष्ट. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सनीव्हेल या गावी एक साधेसे मद्यगृह होते. तेथून एके दिवशी ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याला निरोप आला की, तुम्ही ठेवलेले खेळाचे यंत्र बंद पडले आहे. यंत्र ठेवून फार दिवस झाले नव्हते. आपण जुळविलेल्या तारांत कोठे दोष राहिला असावा, अशा काळजीतच अल्कॉर्न तेथे गेला. त्याने नाण्यांची पेटी उघडली आणि पाहतो तो काय! आतील भांडे काठोकाठ भरून नाणी बाहेर ओसंडत होती. यंत्र बिघडलेच नव्हते. नवे नाणे पडावयास जागा उरली नव्हती, एवढेच.

या यंत्राचे नाव 'पाँग'. ते तयार करणारी अटारी ही कंपनी स्थापन होऊन तेव्हा पुरते चार महिनेही झाले नव्हते. परंतु त्या भांड्यातील नाण्यांमागे कित्येक वर्षांचा विचार आणि एक पुरते फसलेले धाडस होते.

कंपनीच्या दोन संस्थापकांपैकी नोलन बुशनेल हा मूळचा यूटा राज्यातील. विद्यार्थिदशेत तो एका करमणूक-उद्यानातील खेळांच्या विभागात काम करीत असे. आपल्याकडील जत्रेत चेंडू फेकून डबे पाडण्याचे खेळ असतात, तशाच जातीचे ते खेळ. येणारा-जाणारा क्षणभर थांबतो, खेळ नजरेनेच समजून घेतो आणि खिशात हात घालतो. समजावून सांगत बसावे लागले, तर तो पुढे निघून जातो. अशा ठिकाणी जे शिकावयास मिळते, ते व्यापाराच्या पुस्तकांत क्वचितच सापडते.

पुढे स्टॅनफर्ड येथे बुशनेलने संगणकाच्या पडद्यावर 'स्पेसवॉर' हा अवकाशयुद्धाचा खेळ पाहिला. मॅसॅच्युसेट्स येथील संस्थेत १९६२ साली तो तयार झाला होता. हा खेळ नाणे घेणाऱ्या यंत्रात बसविता आला तर? कल्पना मोहक होती. हिशेब मात्र कठोर होता. ज्या संगणकावर हा खेळ प्रथम चालला, त्याची किंमत सुमारे १,२०,००० डॉलर होती. एका खेळाला पाव डॉलर घेतला, तर केवळ ती किंमत वसूल होण्यास ४,८०,००० खेळ व्हावे लागले असते!

बुशनेलचा सहकारी टेड डॅबनी वयाने व अनुभवाने मोठा होता. संगणक बाजूला ठेवून, चित्रवाणीच्या पडद्यावरील ठिपके हवे तसे हलवील असे स्वतंत्र विद्युत्-मंडलच तयार करावयाचे, असा मार्ग या दोघांनी काढला. त्यामुळे खर्च आटोक्यात आला. १९७१ साली एका दुसऱ्या कंपनीमार्फत त्यांचे 'कॉम्प्युटर स्पेस' हे यंत्र बाजारात आले. विद्यापीठाजवळच्या मद्यगृहात विद्यार्थ्यांनी ते डोक्यावर घेतले; इतरत्र मात्र लोक त्याच्या अनेक बटणांकडे आणि लांबलचक सूचनांकडे पाहून परत फिरले. उद्यानात शिकलेला धडा त्याचा शिकणाराच विसरला होता.

दोघांनी प्रत्येकी २५० डॉलर घातले आणि २७ जून १९७२ रोजी अटारी कंपनीची रीतसर नोंदणी झाली. 'अटारी' हा 'गो' या जपानी पटावरील खेळातील शब्द आहे. आपण बुद्धिबळात 'शह' म्हणतो, काहीसा तसाच.

अल्कॉर्नला पहिले काम मिळाले ते टेबल टेनिससारख्या अगदी सोप्या खेळाचे. एका मोठ्या कंपनीची ही मागणी आहे, असे बुशनेलने त्याला सांगितले. वस्तुतः अशी मागणी नव्हतीच. हात बसावा म्हणून दिलेला तो अभ्यास होता. अल्कॉर्नने मात्र तो मन लावून केला. त्याने फळीचे आठ भाग कल्पिले; चेंडू ज्या भागावर आदळेल, त्याप्रमाणे तो निराळ्या कोनातून परते. खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढे. मंडलातील एका दोषामुळे फळी पडद्याच्या अगदी वरपर्यंत पोचत नसे. खेळ त्यामुळे अधिकच रंगतो, हे पाहून तो दोष तसाच ठेवण्यात आला! चेंडू चुकू देऊ नका, म्हणजे गुण वाढतील, एवढीच काय ती महत्त्वाची सूचना होती.

भरलेली पेटी पाहिल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. शिकागोच्या बॅली कंपनीला खेळाचा आराखडा करून देण्याचा अटारीचा करार होता आणि त्यापोटी दरमहा पैसेही मिळत होते. परंतु आता बुशनेलला हा खेळ स्वतःच तयार करून विकावासा वाटू लागला. त्याने बॅलीला सांगितले की, तुमच्याच मिडवे या शाखेला हा खेळ नको आहे. आणि मिडवेला सांगितले की, तो बॅलीला नको आहे. दोघांनीही नाद सोडला. कंपनीचे भाग्य या चातुर्याने उघडले खरे; पण त्यास सचोटी म्हणता येणार नाही.

आता यंत्रे बनवावयाची कशी? बँकेने ५०,००० डॉलरपर्यंत उचल देण्याचे मान्य केले. चाकांचे बूट घालून घसरण्याच्या एका जुन्या क्रीडागृहात कारखाना थाटला गेला. बेकारांची नोंद करणाऱ्या कचेरीतून माणसे आणली गेली. आरंभी दिवसाला दहाच यंत्रे होत आणि त्यांतीलही पुष्कळशी तपासणीत नापास होत. चित्रवाणी-संच चोरीस जाऊ लागले. तरीही पुढे ८,००० हून अधिक यंत्रे विकली गेली.

नकला करणारे लवकरच पुढे सरसावले. मात्र मूळ कल्पनेवर अटारीचा तरी पूर्ण हक्क कोठे होता? राल्फ बेअर हा अभियंता १९६६ पासून चित्रवाणीवरील खेळांचा अभ्यास करीत होता आणि त्याच्या शोधावर आधारलेले मॅग्नावॉक्स कंपनीचे यंत्र मे १९७२ मध्येच एका प्रदर्शनात मांडले गेले होते. त्या प्रदर्शनाच्या भेटवहीत बुशनेलची सही होती! मॅग्नावॉक्सने १९७४ साली न्यायालयात धाव घेतली. १९७६ साली तडजोड झाली आणि अटारीने परवान्याचे शुल्क देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी वॉर्नर कंपनीने अटारी २,८०,००,००० डॉलरला विकत घेतली. डॅबनी त्यापूर्वीच, १९७३ साली, कंपनीतून बाहेर पडला होता. या मोठ्या रकमेच्या वेळी तो भागीदार नव्हता.

सनीव्हेलच्या मद्यगृहातील ते पहिले यंत्र पुढे माउंटन व्ह्यू येथील संगणक-संग्रहालयात गेले. पाव डॉलरची नाणी टाकण्याची पेटी त्याच्या अंगाला आहेच.