‘ते दे’च्या पुढे

“डॉक्टर, बोलतो तो. पण ‘ते दे’, ‘हे नको’ याच्या पुढे गाडी जात नाही.” साडेतीन-चार वर्षांच्या मुलांच्या आया असोदा-भादली भागातून येतात तेव्हा ही तक्रार हमखास ऐकू येते. अशी मुलं नावं पटापट सांगतात. बैल, वांगं, मोटारसायकल, सगळं येतं. पण वांगं कसं आहे, अंगणवाडीत आज काय झालं, पोटात नेमकं कुठे दुखतंय, हे विचारलं की गप्प होतात किंवा रडायला लागतात.

वर्णन करण्याची भाषा ही नावांच्या पुढची पायरी आहे. साधारण दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडतं, तिसऱ्या वर्षी छोटी वाक्यं येतात आणि चार-पाच वर्षांचं मूल घडलेली गोष्ट आपल्या परीने सांगतं. त्यासाठी रंग, आकार, स्पर्श, चव, जागा, उपयोग यांचे शब्द हाताशी लागतात. ते नुसते पाठ करून येत नाहीत. वस्तू हातात असताना, मोठ्यांच्या बोलण्यातून ते येतात.

स्पीच थेरपिस्ट नेमकं हेच करतात, फक्त पद्धतशीरपणे. आपल्या घरी कपाशीचं बोंड असतंच, तेच घ्या. बाहेरचं कवच वाळलेलं आणि टोकाला बोचणारं, आतला कापूस मऊ आणि पांढरा, त्याच्याही आत कडक सरकी. मुलाला बोटाने एकेक भाग चाचपू द्या आणि त्याच वेळी शब्द द्या. “बोचलं ना? टोकदार आहे. आता आत बघ, कसं मऊ मऊ!” मूल “कापूस” एवढंच म्हणालं, तर “हो, पांढरा कापूस, बोंडातून निघाला” असं त्याचंच वाक्य वाढवून परत द्या. “नीट बोल” म्हणू नका. मग थांबा. मनात पाचपर्यंत मोजेस्तोवर काही बोलू नका. ही शांतता मोठ्यांना जड जाते, पण मूल शब्द शोधतं ते तेव्हाच. नाहीच सुचलं तर दोन पर्याय द्या: “खरखरीत की गुळगुळीत?” (तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सरकी देऊ नका. ती नाकात किंवा घशात जाते.)

भरिताच्या दिवशीही असंच करा. हिरवं, चकचकीत वांगं भाजल्यावर काळं पडतं, साल सुटतं, वास बदलतो. आधी कसं होतं, आता कसं झालं, हे मुलाशी बोलत राहा. “हे काय? ते काय?” अशी परीक्षा मात्र घेऊ नका. प्रश्नांचा भडिमार झाला की मूल एका शब्दात उत्तर देऊन मोकळं होतं.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. शाळेत मागे पडेल या भीतीने लेवा बोली किंवा अहिराणी घरातून घालवू नका. घरात दोन भाषा असल्याने बोलण्यात दोष येत नाही. आजीच्या बोलीत चवीचे, वासाचे, शेतातल्या कामाचे जे शब्द आहेत, ते ‘कलर सांग, शेप सांग’ यातून मिळणार नाहीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी १८८० साली याच असोद्यात जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरची आणि शेतातली कामं करता करता त्या बोलीत ओव्या रचत. मुलगा सोपानदेव आणि नातलगांनी त्या टिपून घेतल्या, आणि १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. वर्णनाची एवढी श्रीमंती त्यांना घरादाराच्या बोलण्यातूनच मिळाली होती.

मोबाइल मुलाच्या बोलण्याला उत्तर देत नाही, म्हणून त्यावरची गाणी या कामाला उपयोगी नाहीत. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच. पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त तासभर, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये सांगितलं आहे.

पण प्रत्येक मुलाला घरचे उपाय पुरत नाहीत. “बापही उशिराच बोलला होता” म्हणून वाट पाहण्यात मोलाची वर्षं जातात. वेखंड चाटवल्याने वाचा येते याला पुरावा नाही. मूल दीड वर्षाचं होऊनही एकही शब्द नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, तिसऱ्या वर्षी परक्याला त्याचं बोलणं निम्मंही कळत नाही, असं काही दिसलं तर लगेच दाखवा. येत असलेले शब्द गेले, तर वय कितीही असो, एक दिवसही थांबू नका. पहिली तपासणी कानांची करा. वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं, आणि जे नीट ऐकू येत नाही ते बोलता कसं येईल? थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारा. विचारण्यात संकोच नको.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. उशिरा बोलणं आणि कमी ऐकू येणं, दोन्ही त्या तपासणीत येतात, आणि गरज असेल तर मुलाला पुढच्या उपचारासाठी मोफत पाठवलं जातं. सेविकेकडून तारीख आजच विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.