अनाथाचा वांटा

अनाथाचें पोषण ही दात्याची मर्जी कीं अनाथाचा हक्क, हा प्रश्न वकिलास सहजच सुचतो. मोशेच्या नियमशास्त्रांत (अनुवाद, अध्याय 24) त्याचें उत्तर आहे: शेतांत विसरलेली पेंढी आणावयास मालकानें परत जाऊं नये, ती परदेशी, अनाथ व विधवा यांची होय. म्हणजे तेवढा भाग मालकाच्या मिळकतींत मोडतच नाहीं. याकोबानेंही आपल्या पत्रांत शुद्ध धर्माची ओळख अनाथविधवांच्या समाचारावरूनच सांगितली आहे.

पंडिता रमाबाईंचे मातापिता 1870 च्या दशकांतील दुष्काळांत गेले. पुढें 1896-97 च्या दुष्काळांत त्यांनीं मध्यप्रांतांतून शेंकडों मुली व विधवा दौंडनजीकच्या केडगांवीं (नगरचें केडगांव निराळें) आणिल्या; विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, सर्व उभारिलें. नुसतें अन्न घालून त्या थांबल्या नाहींत, हेंच मोलाचें. 1899-1900 च्या दुष्काळानंतर नगरांतही अमेरिकन मराठी मिशननें अनाथांस हातचा धंदा शिकविला.

दयाळू गृहस्थांनीं एक ध्यानांत ठेवावें. निराधार मूल परस्पर घरीं ठेवितां येत नाहीं. 2015 च्या बाल न्याय अधिनियमान्वये 24 तासांच्या आंत पोलिसांस अथवा बालकल्याण समितीस कळविलें पाहिजे. व्यापारी व जमीनदार सज्जनांनीं धान्य तर द्यावेंच; शिवाय एकेका मुलाच्या शिक्षणाचा वर्षाचा खर्च पत्करावा, अशी विनंति आहे.