मिरचीची लागवड : बियांपासून तोडणीपर्यंत

मिरचीवांचून खानदेशांत भरीत होत नाहीं कीं ठेचा होत नाहीं. तथापि हें झाड मूळचें अमेरिका खंडांतलें असून सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं तें आपल्या देशांत आणिलें. जळगांवालगतच्या पिंप्राळ्याच्या बाजूस ज्यांजवळ थोडी निचऱ्याची जमीन व विहिरीचें पाणी आहे, त्यांस ह्या पिकापासून चार पैसे मिळूं शकतात. परंतु पीक बुडालें तर बियाणें, खत व मजुरी हीं सर्व अंगावर येतात. ह्याचें बरेंवाईट बहुतांशीं रोपांच्या वाफ्यांतच ठरतें, म्हणून आम्ही तेथूनच आरंभ करितों.

वाफा व बीं.— पावसाळी पिकासाठीं मे-जून महिन्यांत बीं टाकावें. ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व १५ ते २० सेंटिमीटर उंच असे गादीवाफे करावे. सपाट वाफ्यांत पाणी सांचून बुरशी लागते व कोंवळीं रोपें जमिनीलगत कुजून कोलमडतात. ह्याच कारणास्तव एक किलो बियांस ३ ग्रॅम थायरम चोळावें. असें बीं खाण्यांत जाऊं देऊं नये. एकरास सुमारें ४०० ते ६०० ग्रॅम बीं पुरतें. तें ओळींत उथळ पेरावें व झारीनें बेताचें पाणी द्यावें. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ ही जात आपल्या भागास उपयोगी आहे. तिला मिरच्या घोसानें लागतात.

लागण.— पांच-सहा आठवड्यांनीं रोपें वीतभर झालीं म्हणजे तीं ६० सेंटिमीटरांच्या ओळींत, ४५ ते ६० सेंटिमीटर अंतरावर, सायंकाळीं लावावीं.

बोकड्या.— ह्या पिकाचा मोठा वैरी हाच. पानांच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे, खालीं वळल्या तर कोळी समजावे. झाड खुजें राहून पानांचा गुच्छ झाला तर तो विषाणू होय. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, व रोगट झाड बरें करणारें औषध नाहीं. असें झाड दिसतांच उपटून जाळावें. चार मिरच्यांच्या आशेनें तें राखणें म्हणजे सर्व शेत धोक्यांत घालणें होय. वाफ्यावर आरंभापासून बारीक जाळी घालावी व शेताभोंवतीं मक्याच्या दोन ओळी पेराव्या, म्हणजे ह्या माशीस अटकाव होतो.

तोडणी.— लागणीपासून सुमारें अडीच महिन्यांनीं हिरवी मिरची तोडणीस येते. देंठासह तोडावी, व पुढें आठ-दहा दिवसांनीं तोडीत जावें. वाळवावयाची मिरची झाडावरच पुरती लाल होऊं द्यावी. नंदुरबारास व्यापारी ओली लाल मिरची घेऊन पथारीवर वाळवितात. तेथेंहि अवकाळी पावसानें माल नासतो. म्हणून घरीं वाळवितांना ताडपत्री जवळ असावी. ओलसर मिरची पोत्यांत भरूं नये; तींत बुरशीचें विष उत्पन्न होतें.

पुढील वर्षाचें बीं निरोगी झाडाच्या पिकल्या मिरचीचेंच ठेवावें. मात्र संकरित वाणाचें बीं धरूं नये. त्याची रोपें मूळ झाडासारखीं निपजत नाहींत, व फसगत कळेपर्यंत हंगाम निघून जातो.