साकव आराखड्यात का बसला नाही?

मी कोकणातल्या एका लहान ग्रामपंचायतीची सरपंच होते. दोन वाड्यांमधून ओढा जातो आणि पावसाळ्यात पलीकडच्या मुलांची शाळा बुडते. ग्रामसभेत दर वेळी मागणी एकच, साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल बांधा. खात्यात पैसे होते, पण त्यातले बहुतेक साकवाला लावता येत नव्हते.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी निधीतला 60 टक्के भाग ‘बंधित’ केला होता, अर्धा स्वच्छतेला, अर्धा पिण्याच्या पाण्याला. उरलेला 40 टक्के अबंधित. पगार आणि आस्थापना सोडून गावाला हवं ते काम त्यातून करता येई. पण निधी मुख्यतः लोकसंख्येच्या मानाने येतो आणि आमची निम्मी घरं मुंबईला. त्या 40 टक्क्यांत साकव होईना.

शिवाय ग्रामपंचायत विकास आराखड्याचा साचा. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये 17 शाश्वत विकास ध्येयं ठरवली, केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने त्यांच्या नऊ संकल्पना केल्या आणि गावाने त्यांतून संकल्प निवडायचा. ही ध्येयं वाईट नाहीत. नळाचं पाणी आणि शौचालय यांचं मोल बाईइतकं कुणाला कळणार? माझा राग क्रमावर आहे. ‘जलसमृद्ध गाव’ घ्या, असं आधी प्रशिक्षणात सुचवलं गेलं. ग्रामसभा नंतर भरली. संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत पूल आणि मोऱ्याही आहेत, हे त्या दिवशी कुणी काढलंच नाही.

नव्या सरपंचांनी आधी वाडीवार बसून गरज गावाच्या शब्दांत ठरावात लिहावी, मग संकल्पना शोधावी. आमचा साकव पायाभूत सुविधांच्या संकल्पनेत सरळ बसत होता. 2026 पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो. त्याच्या मार्गदर्शक सूचना स्वतः वाचा, सवलती कुणी आपणहून सांगत नाही. पंधराव्यात स्वच्छतेचं काम खरोखर पूर्ण असेल, तर ग्रामसभेने तसं प्रमाणित करून वरिष्ठांच्या पुष्टीने तो पैसा पाण्याकडे वळवता येत होता. कित्येक गावांना हे ठाऊकच नव्हतं.

आणि घरपट्टी सोडू नका. स्वउत्पन्नातून महिला-बालकल्याण, मागासवर्गीय आणि दिव्यांगांचा वाटा काढला की उरलेलं कशावर खर्चायचं, ते गावच ठरवतं. बंद घरालाही घरपट्टी लागते. गणपतीला मुंबईकर येतात, तेव्हा पावतीपुस्तक घेऊन दारोदार जा. आम्ही तशीच थकबाकी गोळा केली, अबंधित निधीची जोड दिली आणि पुढच्या आराखड्यात साकव पहिल्या क्रमांकावर टाकला.