आहार आणि व्यायाम : शरीराच्या खात्याचा ताळमेळ



वाढते वजन हा आज केवळ सुखवस्तू माणसाचा प्रश्न राहिलेला नाही. टेबलापाशी बसून नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरोघरी तो आला आहे. मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. माझे वडील मधुमेहाने 58 व्या वर्षी गेले. 2021 साली माझे वजन 81 किलो भरले आणि रक्तातील साखर सीमारेषेवर आली, तेव्हा मी घाबरलो. त्यानंतर ठेचा खात जे शिकलो, ते येथे मांडत आहे.

पहिली चूक अशी की मी नुसता व्यायाम केला. रोज सकाळी अर्धा तास झपझप चालायचो आणि परतताना मित्रमंडळींबरोबर दोन बटाटेवडे व गोड चहा घ्यायचो. तीन महिन्यांनी वजन एक किलोने वाढलेले! हिशेब साधा होता. माझ्या वजनाच्या माणसाचे अर्ध्या तासाच्या चालण्यात सुमारे 150 कॅलरी खर्च होतात. वडे आणि चहा यांतून 350 च्या वर जमा होतात. खर्च थोडा आणि भरणा दुप्पट, मग शिल्लक वाढणारच.

दुसरी चूक याच्या उलट. मी रात्रीचे जेवण सोडले, दुपारी काकडीवर भागवू लागलो. काउंटरवर चक्कर येऊ लागली, एकदा संध्याकाळी कॅश टॅली होईना. चार किलो उतरले आणि जेवण सुरू होताच परत आले. एकदम उपाशी राहिल्याने चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू विश्रांतीतही ऊर्जा खर्च करतात. ते घटले की शरीराचा रोजचा खर्चही घटतो.

यातून मार्ग दोन्हींच्या मेळात आहे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. दिवसाच्या चार चहांतील प्रत्येकी दोन चमचे साखर सोडली तर 160 कॅलरी वाचतात. स्वयंपाकात माणशी एक मोठा चमचा तेल कमी केले तर 120. त्यात चालण्याच्या 150 मिळवा. एकूण 430 झाल्या, म्हणजे कागदावर अठरा दिवसांत एक किलो. प्रत्यक्षात वेग पुढे मंदावतो, कारण हलक्या शरीराला ऊर्जाही कमी लागते. तेव्हा निराश होऊ नये.

या संदर्भात संयुत्त निकायातील दोणपाक सुत्त आठवते. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. प्रमाण ओळखून जेवणाऱ्याचे दुखणे हलके होते, अशा अर्थाची गाथा भगवंतांनी सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. राजाचा आहार क्रमाक्रमाने नाळीभर भातावर आला आणि शरीर सडपातळ झाले. येथे उपवास नाही, हळूहळू केलेली घट आहे. आणि आठवण देणारे माणूस आहे. माझ्या घरी हे काम मुलगी करते. तिसऱ्या पोळीला हात गेला की म्हणते, "पप्पा, बास!" अंगुत्तर निकायातील चंकम सुत्तात चालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत निरोगीपणा आणि खाल्लेले नीट पचणे हेही आहेत.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. आठवड्यात किमान 150 मिनिटे झपझप चालावे. दोन दिवस उठाबशा, जिने चढणे असा स्नायूंचा व्यायाम करावा.

2. ताटात भात-पोळी कमी करताना डाळ, उसळ, अंडी, मासे, दही यांपैकी काहीतरी ठेवावेच.

3. कंबर मोजावी. भारतीय पुरुषाची 90 व स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या आत असावी.

4. अन्न वाया जाऊ नये म्हणून उरलेले संपवणे बहुधा घरच्या भगिनींच्याच वाट्याला येते. त्यापेक्षा मापात शिजवावे.

5. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. साखर एकदम उतरू शकते.

दहा महिन्यांत माझे वजन 73 किलोवर आले, साखरही मर्यादेत आली. यात चमत्कार काही नाही. बँकेत आम्ही रोजचा हिशेब रोज मिळवतो, उद्यावर टाकत नाही. शरीराचाही असाच मिळवावा. आपली मुले आपल्याकडे पाहून शिकतात. वडिलांचा आजार मला मिळाला, तो माझ्या मुलीपर्यंत जाऊ नये, एवढ्यासाठी तरी उद्या सकाळी अर्धा तास चालू या आणि येताना वड्याच्या गाडीपाशी थांबू नये.