ध्वनिमुद्रण शिकायचे आहे?



शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही एक गंमत नक्की अनुभवली असेल. पाहुणे बोलायला उभे राहतात, दोन वाक्ये होतात न होतात तोच लाऊडस्पीकरमधून 'कुंईऽऽ' असा कर्कश आवाज निघतो. सगळे कानांवर हात ठेवतात. स्पीकरवाला धावत येतो आणि एक बटण फिरवतो.

हे का होते? माइकने घेतलेला आवाज यंत्रात मोठा होतो आणि कर्ण्यातून बाहेर पडतो. कर्ण्याचे तोंड माइककडे असेल तर तोच आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा बाहेर पडतो. असे फेरे एका क्षणात कितीतरी वेळा होतात. कर्णे माइकच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून ठेवले, बोलणारा माइकच्या जवळ उभा राहिला, की बहुतेक वेळा हा त्रास होत नाही.

(जाता जाता एक सूचना. उर्दूत 'आवाज' स्त्रीलिंगी आहे. मराठीत मात्र तो पुल्लिंगी आहे. म्हणून 'आवाज आली' नव्हे, 'आवाज आला' असे लिहा. दरवर्षी निम्म्या वह्यांत ही चूक असते!)

आवाज कसा टिपावा, कसा साठवावा, कसा ऐकवावा याचे एक पूर्ण शास्त्र आहे आणि ते शिकवणारी नामांकित संस्था आपल्याच राज्यात, पुण्यात आहे. ती म्हणजे भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था. जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये ती सुरू झाली. तेथे ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजन हा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेतही हा विषय शिकवतात.

आता नीट लक्ष द्या. पुण्याच्या या अभ्यासक्रमासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते. परंतु बारावीपर्यंत भौतिकशास्त्र शिकलेले असावे, अशी अट आहे. म्हणजे अर्ज पदवीनंतर करायचा असला, तरी त्याची तयारी दहावीच्या निकालानंतर, अकरावीचा अर्ज भरतानाच होते. "गाण्याबजावण्याला विज्ञान कशाला?" असे म्हणून एखाद्याने त्या वेळी कला शाखा घेतली, तर पुढे हे दार त्याला बंद दिसते. तेव्हा कितीही गोड गळा असला तरी उपयोग नसतो. उलट ज्याला सूर लावता येत नाही, पण जो कान देऊन ऐकतो आणि ज्याला गणिताची भीती वाटत नाही, तो या कामात पुढे जाऊ शकतो.

भौतिकशास्त्राचा येथे काय संबंध, ते एका उदाहरणाने पाहू. ईदगाहच्या मैदानात मागच्या सफांसाठी वेगळे कर्णे लावतात. तारेतून जाणारा संदेश मागच्या कर्ण्याला क्षणार्धात मिळतो. पुढच्या कर्ण्याचा आवाज मात्र हवेतून जातो, एका सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्या माणसाला तो सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो. त्याला एकच शब्द दोनदा ऐकू येतो आणि खुतब्यातले काहीच नीट कळत नाही. जाणकार माणूस अंतर मोजतो, भागाकार करतो आणि मागच्या कर्ण्याचा आवाज यंत्राने तेवढाच उशिरा सोडतो.

दुसरे उदाहरण. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण २० ते २०,००० कंपने ऐकू येतात. आवाज आकड्यांत साठवायचा तर सर्वांत मोठ्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळा त्याचे माप घ्यावे लागते. म्हणून सीडीवर एका सेकंदाच्या आवाजाची ४४,१०० मापे असतात. हा हिशेब पाठ करायचा नाही, समजून घ्यायचा आहे.

केरळमधील एका खेड्यात वाढलेले रसूल पुकुट्टी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. गावात वीज नव्हती, ते रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास करत. त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली, मग पुण्याच्या या संस्थेत ध्वनिमुद्रण शिकले. १९९५ मध्ये ते तेथून बाहेर पडले. मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलिअनेअर' या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ मध्ये त्यांना दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर पुरस्कार मिळाला. त्याच चित्रपटासाठी ए. आर. रहमान यांना दोन ऑस्कर मिळाले. संगीतकाराला सारे जग ओळखते. आवाज टिपणाऱ्याचे नाव बहुतेकांना त्या रात्री पहिल्यांदा कळले.

तुमच्यापैकी काहींच्या घरी "आमच्याकडे गाणे चालत नाही" असे म्हणतील. अशा वेळी वाद घालू नका, काम समजावून सांगा. आकाशवाणीच्या बातम्या, मुशायरा, माहितीपट, अंध मुलांसाठी बोलकी पुस्तके, या सर्वांना ध्वनिमुद्रक लागतो. अब्बांना हे सांगण्याची हिंमत होत नसेल तर तुमच्या शिक्षकांना सोबत न्या. शिक्षक येतात.

प्रवेशासाठी आधी लेखी परीक्षा असते. तीत निवड झाल्यास पुढे मुलाखत होते. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ असतात. अटी, वयोमर्यादा, शुल्क यांत बदल होतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नका. त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचा.

मुलाखतीत सांगण्यासारखे काही आपल्याजवळ हवे. त्याची सुरुवात आजपासून करता येते. घरातील मोबाइलवर नानींची एखादी कहाणी ध्वनिमुद्रित करा. आधी पंखा बंद करा, रस्त्याकडची खिडकी लावा. मोबाइल त्यांच्या तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवा. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून जमिनीवर गोधडी अंथरा. मग तीच कहाणी पंखा चालू ठेवून पुन्हा मुद्रित करा आणि दोन्ही ऐका. काय फरक पडला, तो तारीख घालून वहीत लिहा. कुकरची शिट्टी, शिलाई मशीन, बसवाहकाची घंटा, पहाटेची अजान, असे एकेक आवाज घेत चला. तीन-चार वर्षांत ती वही भरेल. ती जपून ठेवा, मुलाखतीला जाताना बरोबर न्या.

स्वाध्याय

१. स्पीकरमधून कर्कश आवाज का निघतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. मागचा कर्णा ६८ मीटर अंतरावर असेल तर त्याचा आवाज किती उशिरा सोडावा लागेल?
३. अकरावीची शाखा निवडण्यापूर्वी तुम्ही घरी काय बोलाल? दोघांचा संवाद लिहा.